सतरा नंबरची जागा

शुक्रवार, ५ जुलै

प्रिय आर्डिस,

फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी घराचा विषय काढला की लगेच ‘जाऊ दे गं, झालं ते झालं’ म्हणतेस आणि लेकीच्या तळघरातल्या त्या घडीच्या पलंगाची गंमत सांगायला लागतेस. मग मीही हसते आणि जे सांगायला फोन केलेला असतो ते पोटातच राहतं. तेव्हा आज पत्र. तीन कागद फाडून झालेत. हा चौथा फाडायचा नाही असं ठरवून बसले आहे, म्हणून अक्षर वाकडंतिकडं आलं तर चालवून घे.

आधी इकडची खबरबात. काल चार जुलैची, स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक निघाली. अग्निशमनवाल्यांनी दरवर्षीसारखी पोरांवर गोळ्या-चॉकलेटं उधळली आणि दरवर्षीसारखं एक पोरगं रडलं. माझ्या ऑर्विलचा गुडघा पुन्हा सुजलाय, पण डॉक्टरकडे जाईल तर तो ऑर्विल कसला. आपल्या चाकांवरच्या घरांच्या पार्कातल्या बायकांनी धान्यदुकानासमोर आपापल्या खुर्च्या मांडल्या होत्या. तुझ्या हिरव्या खुर्चीची जागा त्यांनी रिकामी सोडली होती. मी रस्त्याच्या पलीकडे, टेकडीवरच्या लोकांत उभी होते. तुझ्या शेजारच्या अठरा नंबरच्या बर्निसनं मला पाहिलं आणि मान दुसरीकडे फिरवली. तिचं काही चुकलं नाही.

मिरवणुकीनंतर मी गाडी काढली आणि थेट तुझ्या सतरा नंबरच्या जागेवर गेले. गवत गुडघ्याएवढं वाढलंय. मधोमध पाण्याचा नळ आणि विजेचा खांब तेवढे उभे आहेत. तुझा रूबार्बच्या भाजीचा वाफा मात्र मस्त फोफावलाय. कुणीतरी देठ तोडून नेलेत, पण रीतसर, मुळाला धक्का न लावता, म्हणजे पार्कातलंच कुणीतरी असणार. मी तिथे किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. चाळीस फूट रुंद जागा. आपण त्यावर अख्खी आयुष्यं काढली आणि कधी ती अरुंद वाटली नाही. आता गावाला ती वीस फुटांनी कमी पडते.

परवा रात्री आठवत होते, मी सोळा नंबरमध्ये राहायला आले तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा होत्या आणि पहिला नवरा रॉय सोडून गेल्याला आठवडा झाला होता. पहिल्याच थंडीत माझा नळ गोठला. उणे तीस होतं. तुझा डेल माझ्या घराखाली पोटावर सरपटत गेला आणि तास-दीड तास केस वाळवायचं यंत्र नळावर धरून पडून राहिला. वरून तू खिडकीतून त्याला सूचना देत होतीस. त्यानं खालून ओरडून विचारलं होतं, ‘तू खाली येतेस का मी वर येऊ?’ माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझ्या खिडकीत हात पोचत नव्हता, पण लांब दांड्याच्या झाऱ्यावर मिठाची पुडी ठेवली की पोचायची. एकोणीस वर्षं, आर्डिस. सख्ख्या बहिणीबरोबरसुद्धा मी एवढी राहिलेली नाही.

आणि तुझा तो स्वच्छतेचा सोस. गावात आपल्याला काय म्हणायचे ते दुकानात, शाळेत, चर्चच्या जेवणावळीत आपण दोघींनी ऐकलं होतं. ‘ट्रेलरवाल्या’ म्हणायचे आणि पुढे एक शब्द जोडायचे, कचरा. तू भांडली नाहीस कधी. तू झाडलंस. पायऱ्या, अंगण, घराखालचे पत्रेसुद्धा साबणानं घासायचीस. जुनं घर पार्कातून ओढून नेलं की त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत, सगळ्यांनी दाताळी घेऊन यायचं, जागा लख्ख करायची, लोहचुंबक फिरवून खिळा न् खिळा वेचायचा आणि मग तिथेच उभ्यानं ओव्हनमधून आणलेली गरम हॉटडिश खायची, ही रीत तूच पाडलीस. पार्कात जुनं मोडकं घर एक दिवस जास्त उभं राहिलं तर तुझ्या पोटात दुखायचं. ‘बोट दाखवायला जागाच ठेवायची नाही,’ म्हणायचीस. याच रीतीनं आपला घात केला. बेशिस्त माणसावर हे कधीच ओढवलं नसतं. एखाद्या आळशानं ते कुजकं खोकं तसंच उभं ठेवलं असतं आणि आज तो नव्या घरात बसून कॉफी पीत असता.

मी ऑर्विलशी लग्न करून टेकडीवर आले तेव्हा तू माझे पडदे शिवून दिलेस. मी मात्र वर आल्यावर काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. मी पार्कात राहत होते हे मी इथे कुणाला बोलले नाही. खोटं बोलले नाही, नुसतं बोलले नाही. कुणी विचारलं तर ‘नदीकडच्या बाजूला होते’ एवढंच सांगायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग दोन वर्षांपूर्वी गावाच्या नियोजन समितीत एक जागा रिकामी झाली. ऑर्विलचा मासेमारीचा जोडीदार हॉगन अध्यक्ष. तो म्हणाला, आम्हाला कागद नीट वाचणारी बाई हवी आहे. मी चाळीस वर्षं शेजारच्या गावच्या ग्रंथालयात काम केलेलं, त्यामुळे सगळ्यांना तसंच वाटलं. मलाही वाटलं. तू फोनवर किती खूश झाली होतीस. ‘आता आपलं माणूस आत आहे’ असं तू सगळ्या पार्कभर सांगत फिरलीस.

आपलं माणूस आत काय करत होतं ते ऐक. गेल्या ऑगस्टात पार्कासाठी नवे नियम आले. अडतीस पानं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि सभागृहाचा पंखा बंद पडला होता. हॉगननं थोडक्यात सांगितलं की खालच्या कुणालाही हाकलायचं नाही, जे आहेत ते राहतील, फक्त एखादा गेला तर त्याच्या जागी नवं येऊ द्यायचं नाही, म्हणजे हळूहळू आपोआप मोकळं होईल. मी हे माझ्या या कानांनी ऐकलं, आर्डिस. आणि माझ्या डोळ्यांसमोर तू आली नाहीस. ‘खालचे’ म्हणजे कुणीतरी दुसरेच असं मला वाटत होतं. पहिली बारा पानं मी वाचली होती. पडीक घरांना नोटीस, दंड, वगैरे. बाकीची घरी जाऊन वाचीन म्हटलं. मग मत घेतलं आणि मी हात वर केला.

मग ऑक्टोबर. तुझं छत त्या आधीच्या हिवाळ्याच्या बर्फानं बसलं होतं, न्हाणीघराची जमीन पायाखाली दबत होती, आणि डेल गेल्यावर मिळालेल्या विम्यातून तू नवं घर कारखान्यातून मागवलं होतंस. निळी दारं, दोन खोल्या. मला त्याचं चित्र पाठवलं होतंस. डिसेंबरात येणार होतं. तू विचारलंस, जुनं आत्ता काढू की नवं येईपर्यंत राहू दे? घर ओढून नेणारा माणूस तर म्हणत होता की नवं येईल त्याच दिवशी जुनं नेतो. तेव्हा मी काय म्हणाले ते तुला आठवतंय, मला माहीत आहे. तरी लिहिते, कारण ते कुठेतरी लिहिलेलं असायला हवं. मी म्हणाले, ‘आत्ताच काढ. समितीत मी बसते, मला ठाऊक आहे. पडीक घर दिसलं की नोटीस येईल. जागा स्वच्छ असली की कुणी काही म्हणणार नाही.’ शेजारीण म्हणून नाही सांगितलं. समितीत बसते म्हणून सांगितलं, जरा ऐटीतच.

बारा तारखेला ते नेलं. मी पण आले होते, आठवतं? हातमोजे घालून, दाताळं घेऊन, कितीतरी वर्षांनी. चुंबक मीच फिरवलं. डबाभर खिळे निघाले आणि तू म्हणालीस की डेलनं हे घर खिळ्यांवरच उभं ठेवलं होतं. सगळे हसले. पण जेवायच्या आधीच मी निघाले. ऑर्विलचं कारण सांगितलं. खरं कारण असं की रस्त्यावरून हॉगनची गाडी गेली होती आणि माझ्या हातात दाताळं होतं.

पुढचं सगळं तुला माहीत आहे आणि तरी रोज मी ते पहिल्यापासून मोजत बसते. डिसेंबरात कारखान्यानं घर दिलं नाही. जानेवारीच्या शेवटी झालं तर विक्रेत्यानं सांगितलं, जमीन गोठलेली आहे, पाया नीट बसणार नाही, उन्हाळ्याच्या तोंडाशी बसवू, तोवर आमच्या आवारात उभं राहू दे. तू म्हणालीस, घाई काय आहे. मार्च उजाडला, बर्फ वितळायला लागला, रस्ते मऊ पडले आणि दरवर्षीसारखी अवजड गाड्यांना बंदी आली. बंदी उठली मे महिन्यात. तू परवाना मागायला गेलीस तेव्हा गावकचेरीच्या खिडकीतल्या माणसानं कागद उलटून एकतिसावं पान काढलं. पार्कातली जागा सलग एकशे ऐंशी दिवस घरावाचून राहिली तर जुनी म्हणून तिला रुंदीच्या नियमातून असलेली सूट संपली. यापुढे तिथे घर ठेवायचं तर जागा साठ फूट रुंद हवी. तुझे एकशे ऐंशी दिवस दहा एप्रिललाच भरले होते. म्हणजे सतरा नंबरवर आता कधीच घर येणार नाही, तुझंही नाही आणि दुसऱ्या कुणाचंही नाही. तुझं निळ्या दारांचं घर विक्रेत्याच्या आवारात उभं आहे आणि तू लेकीच्या तळघरात.

तुझ्या अर्जावरच्या चार जूनच्या सुनावणीबद्दल त्या दिवसानंतर आपण दोघी एक अक्षर बोललेलो नाही. तू तो राखाडी कोट घातला होतास, डेलच्या अंत्यविधीचा. मी समोर टेबलामागे बसले होते, पुढ्यात माझ्या नावाची पाटी. हॉगन तसा वाईट माणूस नाही, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. त्यानं तुला वाट करून दिली होती. सुनावणीच्या आधी सचिव जोलीननं आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं होतं की अर्जदारानं गावाच्याच एखाद्या पदाधिकाऱ्याच्या सांगण्यावरून काही केलं असेल, तर समिती दिवसांची मोजणी बाजूला ठेवू शकते. म्हणून हॉगननं तो प्रश्न विचारला. ‘बाई, नवं घर हातात नसताना जुनं का काढलंत? कुणी सांगितलं होतं का?’

तू माझ्याकडे पाहिलंस. क्षणभरच. मग म्हणालीस, ‘कुणी कशाला सांगायला हवं? मला उकिरडा बघवत नाही.’

मागे कुणीतरी हसलं. हॉगननं पुन्हा विचारलं, नक्की ना? तू म्हणालीस, नक्की. आणि मी, समितीतली कागद नीट वाचणारी बाई, पेन्सिल हातात धरून टेबलाकडे बघत बसले. आम्ही निर्णय पुढच्या सभेवर ढकलला, ‘नवीन काही सांगायचं असल्यास’ असं लिहून. बाहेर आल्यावर तू माझा हात दाबलास. मला वाटलं तू रागावशील. तू म्हणालीस, ‘तुला कुठे माहीत होतं गं.’

हेच, आर्डिस. या पाच शब्दांनी मला महिनाभर झोप लागलेली नाही. तू मला वाचवलंस ते माझी चूक भाबडी आहे असं समजून. माझी पत राहावी म्हणून तू स्वतःचं घर पणाला लावलंस, आणि हे तू अशा बाईसाठी केलंस जी अस्तित्वातच नाही. कारण मला माहीत होतं. ऑक्टोबरात नव्हतं, ते खरं. पण फेब्रुवारीत झालं. सहा तारखेला पेट्रोलपंपाच्या पाटीचा कसलासा वाद होता म्हणून जोलीननं नियमांची पुस्तिका पुन्हा वाटली आणि मी ती या स्वयंपाकघरात, याच टेबलावर, पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. एकतिसावं पान वाचलं आणि उठून भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवून दिवस मोजले. त्रेसष्ट उरले होते. घर तयार होतं. रस्ते दगडासारखे टणक होते. नुसतं आणून ठोकळ्यांवर ठेवलं असतं, पाया मागाहून बसवला असता, तरी चाललं असतं. एका फोनचं काम होतं.

मी फोन उचलला होता. पण तुला सांगायचं म्हणजे आधी हे सांगायचं की ज्या कागदावर मी हात वर केला तो मी वाचला नव्हता. मग तू घाईनं घर आणणार, गावात विचारणार, बोलता बोलता माझं नाव निघणार, मग ही मूळची कुठली, हिची आर्डिसशी ओळख कशी, आणि शेवटी सोळा नंबर. ऑर्विलला विचारलं तर तो म्हणाला, ‘पार्कात दिवस कोण मोजत बसतंय? तू उगाच घाबरतेस.’ मला असंच कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी फोन ठेवून दिला. त्यानंतरचे त्रेसष्ट दिवस मी रोज मोजले. त्यातल्या निदान दहा दिवशी आपण फोनवर बोललो. एकदा तू मला नव्या घराच्या पडद्यांचा रंग विचारलास आणि मी पिवळा सांगितला.

आता हे आज का लिहिते ते सांगते. बुधवारी मी जोलीनकडे दोन कागद दिले. एक समितीच्या राजीनाम्याचा. दुसऱ्यात ऑक्टोबरातलं माझं बोलणं आहे, जसंच्या तसं, ‘समितीत मी बसते’ या शब्दांसकट, आणि फेब्रुवारीपण आहे. मी सोळा नंबरमध्ये एकोणीस वर्षं होते हेही लिहिलंय. ऑर्विल तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही. मंगळवारी, नऊ तारखेला, ते भर सभेत वाचून दाखवतील, आणि तू ते परक्या तोंडून पहिल्यांदा ऐकू नयेस म्हणून हे पत्र. जोलीन म्हणाली की माझ्या एकटीच्या कागदावर भागणार नाही, अर्जदारानं स्वतः तसं सांगायला हवं, आणि मागच्या वेळी तू नेमकं उलट सांगून बसली आहेस. मी तुला ओळखते. तू हे वाचून चिडशील, कदाचित कायमची, आणि तरी मंगळवारी उभी राहिलीस की पुन्हा मला झाकायला बघशील. तसं करू नकोस. मला माफ कर असं मी म्हणत नाही, त्याला वेळ आहे, किंवा नसेलही. एवढंच कर. हॉगन तुला पुन्हा विचारेल, कुणी सांगितलं होतं का. माझ्याकडे बघू नकोस. माझं नाव घे.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
लव्होन